मणी ओवण्याआधी कापडाची पाठ बघा

माझ्या पहिल्या मोठ्या कामाचे मणी एका रात्रीत गळाले. जळगावातल्या एका घरासाठी केलेलं ते भिंतीवर टांगायचं कापड होतं, तीन फूट रुंद आणि चार फूट लांब. सातपुड्याच्या पायथ्याची केळीची बाग दाखवायची होती. पानांच्या शिरा साखळीटाक्याने काढल्या, केळफूल रेशमी दोऱ्याने भरलं आणि खालची काळी जमीन काळ्या-तपकिरी मण्यांनी गच्च भरली. दीड महिना खपले त्यावर. टांगल्यावर आठ दिवसांत कापड मधोमध झोळीसारखं लोंबलं. मग एका सकाळी फोन आला, "ताई, खाली सगळे मणीच मणी सांडलेत." जाऊन गुडघ्यावर बसले आणि फरशीवरचे मणी वाटीत वेचून आणले.

घरी येऊन कापड उलटं केलं तेव्हा चूक दिसली. मागे अस्तर नव्हतं, एकेरी मांजरपाट. मणी भराभर लावायचे म्हणून एका दोऱ्यात तीस-तीस, चाळीस-चाळीस ओवून फक्त दोन टोकांना टाचले होते. मधे काचेच्या नळ्याही होत्या. नळीची कड धारदार असते, कापड जरा हललं की ती दोऱ्यावर घासते. एका जागी दोरा तुटला आणि अख्खी ओळ घसरली.

आता माझ्याकडे शिकायला मुली येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, आधी कोणता टाका शिकू?" मी त्यांना आधी ते जुनं कापड उलटं करून दाखवते. टाके पुष्कळ आहेत, ते हळूहळू येतातच. हे कापड किती वजन पेलेल आणि वर ठेवलेली वस्तू मागून कशाने धरली आहे, हे बघायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून लागायला हवी.

मला ती सवय खरं तर घरातच लागायला हवी होती. माझं माहेर अमळनेरकडचं. आजी उन्हाळ्यात ओसरीवर गोधडी घालायची. जुन्या लुगड्यांचे थर पसरायचे, चारी कडा आधी कच्च्या दोऱ्याने धरायच्या आणि मग कडेकडेने फिरत धावदोरा मधे आणायचा. मी शेजारी बसून टाके घालायचे आणि ओढून घट्ट करायचे. आजी बोट धरायची. "दोरा ताणू नको माय, कापड रडस." कापड रडणं म्हणजे त्याला चुण्या पडणं. भरतकामात आजही नव्या मुलींची सगळ्यात जास्त कामं यानेच बिघडतात. रिंगमध्ये कापड ताणलेलं असतं, त्यात टाकाही ताणला की रिंग काढल्यावर फुलाभोवती चुण्या उभ्या राहतात. इस्त्रीने त्या जात नाहीत.

आता मी गोधडीसारखाच पाया घालते. वरचं कापड खादी किंवा केसमेंट (जाडसर सुती कापड), खाली मांजरपाट. दोन्ही रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यायची, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. दोन थर एकमेकांवर ठेवून चार-चार बोटांवर उभी-आडवी कच्ची टीप घालायची. लाल, मरून, गडद निळ्या दोऱ्याचा तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात ठेवून वरून गरम इस्त्री दाबायची. रुमालावर डाग आला तर तो दोरा या कामात घ्यायचा नाही.

मणी लावायची पद्धत हळू आहे, पण दुसरी मी शिकवत नाही. चार मणी ओवायचे, कापडावर टेकवून सुई खाली घालायची, दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या मधून वर यायचं आणि शेवटच्या दोन मण्यांतून सुई पुन्हा पुढे न्यायची. मग पुढचे चार. अशाने शेवटच्या दोन मण्यांतून दोरा दोनदा जातो. बोटभर काम झालं की मागे एक गाठ. मग एखाद्या जागी दोरा तुटला तरी दोन-चार मणी जातील, ओळ जाणार नाही. दोरा पॉलिस्टरचा घ्या आणि मेणावरून एकदा ओढा. मण्यांची सुई वेगळी मिळते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक, हे दुकानात जाण्याआधी माहीत असू द्या. मण्यांचंही तसंच आहे. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, आठ नंबरचा तीनचा. सुरुवात आठ नंबरने करा, डोळ्यांना बरं पडतं.

आता धाग्यांचं. माझा जीव सगळ्यात जास्त यात रमतो.

माझं सासर रावेरकडचं, घराच्या मागेच केळी. घड कापला की खोड तसंच उभं राहतं. एरवी ते काढून बांधावर टाकतात. त्या खोडाचे सोपट, म्हणजे एकावर एक गुंडाळलेले थर, एकेक करून सोलायचे, फळीवर ठेवून बोथट पात्याने दाबून खरवडायचे. गर आणि पाणी निघून जातं आणि हातात ओल्या केसांसारखा धागा उरतो. यंत्रावर हेच काम झटपट होतं, पण एकदा तरी हाताने करून बघा, धाग्याची ओळख होते. बाहेरच्या सोपटाचा धागा राठ आणि तपकिरी निघतो, आतल्याचा पांढरट, चमकदार आणि मऊ. धुऊन सावलीत वाळवायचा. अंगावर जुनी साडीच असू द्या, केळीचा चीक लागला की तो डाग जन्मभर जात नाही.

हा धागा सुईत ओवून कापडातून आरपार ओढायचा प्रयत्न मी पहिल्यांदा केला आणि तो पिंजून गेला. गाठ मारली तर गाठीशीच तुटला. त्याला ओढायचंच नसतं. कापडावर हवा तसा मांडायचा आणि वरून साध्या दोऱ्याच्या बारीक आडव्या टाक्यांनी बांधायचा. याला काउचिंग म्हणतात. सरळ रेषेत टाके अर्ध्या सेंटिमीटरवर चालतात, वळणावर जवळजवळ घ्यावे लागतात. धागा किंचित ओलसर असताना वळतो आणि वाळला की तोच आकार धरून ठेवतो. त्याची टोकं जाड सुईने मागे नेऊन तिथे टाचायची. बांधणारा दोरा त्याच रंगाचा घेतला तर टाके लपतात. मी पुष्कळदा मुद्दाम हळदी पिवळा घेते, म्हणजे बांधलेलं दिसतं आणि तेही नक्षीचा भाग होतं. केळीचा धागा कापसासारखा रंग घेतो. पावसाळ्यात मात्र हवेतली ओल धरतो, त्यामुळे फ्रेममध्ये काच त्याला टेकू देऊ नका, नाहीतर बुरशी येते.

काउचिंग आलं की कोणतीही वस्तू कापडावर आणता येते. अंबाडीची सुतळी, जुन्या लुगड्याच्या पदराच्या दशा, फाडलेल्या चिंध्या, ठेलारी मेंढपाळांकडची लोकर. लोकर आणलीत तर धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा, कसर लागते. पोळ्याला बैलांच्या अंगावर चढतात ते गोंडे आणि कवड्यांच्या माळा, सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे साज विकायला येतात ते, हे सगळं जवळ जाऊन, हात लावून बघा. गोंड्याची मान कशी आवळली आहे आणि कवडीची पाठ घासून भोक कसं पाडलं आहे, हे शिकवणारा वर्ग मला कुठे सापडला नाही.

फैजपूर आमच्या घरापासून फार लांब नाही. तिथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. गांधीजींच्या सांगण्यावरून शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट बांबूसारख्या तिथल्याच साध्या वस्तूंतून उभी केली. त्यांचे शिष्य चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी, आणि बिनोदबिहारींची मुलगी मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५). मृणालिनीबाईंनी दोरीला गाठी मारमारून माणसाच्या उंचीची शिल्पं केली. त्यांच्या कामाचे फोटो मी मुलींना आवर्जून दाखवते. सुतळी बघून नाक मुरडणारी मुलगी ते बघितल्यावर सुतळी हातात घेते.

आरसे लावायला मी चाळीसगावकडच्या एका बंजारा तांड्यावर शिकले. ज्यांनी शिकवलं त्यांना मी याडी म्हणायचे, त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. त्या रिंग वापरत नव्हत्या, खाका (नक्षी उतरवायचा भोकांचा कागद) काढत नव्हत्या. कापडाचे धागे नजरेने मोजत आणि सुई चालवत. महिनाभर त्यांनी मला फक्त सरळ ओळी घालायला लावल्या. मग आरसा दिला. आरशाला भोक नसतं, तो दोऱ्याच्या चौकटीत धरावा लागतो. दोन उभे दोरे, दोन आडवे, आणि त्या चौकटीला धरून भोवतीने काजटाका. मी चौकट आरशाच्या कडेजवळ घेतली होती, म्हणजे आरसा जास्त दिसेल. याडींनी काही न बोलता अंगठ्याने आरसा दाबला आणि तो टपकन बाहेर आला. चौकट मध्याकडे घ्यायची असते, कारण काजटाका तिला बाहेर ओढत जातो. शेवटी आरसा हवा तेवढाच उघडा राहतो आणि चारी बाजूंनी पक्का बसतो.

एक गोष्ट इथे मनापासून सांगते. बंजारा बायांच्या जुन्या फेटिया (घागरे) आणि कांचळ्या (चोळ्या) स्वस्तात घेऊन, कापून, त्यांचे तुकडे आपल्या कामात लावणारे लोक मी बघितले आहेत. एका कांचळीत कुणाच्या तरी आईचे डोळे आणि दुपारी गेलेल्या असतात. असं करू नका. टाका शिका, शिकवणारीला शिकवण्याचे पैसे द्या, आणि काम विकताना तो टाका कुणाचा आहे हे सांगा.

नक्षी उतरवायला कार्बन कागद चालतो, पण मोठ्या कामाला खाकाच बरा. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढून रेषेवर सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने वरून फिरवायची. एकच खाका दहा वेळा वापरता येतो. हलक्या रंगाच्या कापडावर आधी कोपऱ्यात करून बघा.

आपल्याकडच्या उन्हाचाही विचार करावा लागतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, हाताला घाम येतो आणि पांढरा दोरा मळतो. मी उन्हाळ्यात पहाटे साडेपाच ते नऊ एवढंच बसते. पंख्याखाली भरतकामाच्या चमकत्या टिकल्या उडतात, म्हणून मणी-टिकल्या ताटलीत न ठेवता मखमलीच्या तुकड्यावर पसरा. मखमलीवरून त्या सरकत नाहीत आणि सुईने थेट उचलता येतात.

सामानासाठी मी वर्षातून दोनदा सुरतला जाते. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार हे सगळं त्याच रेल्वे लाइनवर, त्यामुळे जाणं सोपं पडतं. मणी तिथे वजनावर मिळतात. एका कामाला लागतील तेवढे एकदमच घ्या, पुढच्या खेपेला तीच छटा मिळेल याचा भरवसा नाही. आणल्यावर थोडे मणी ओल्या कापसाने चोळा आणि थोडे खिडकीत उन्हात आठ दिवस ठेवा. रंग वरून चढवलेला असेल तर तो कापसावर किंवा उन्हात कळतो. मी हे न करता एकदा अर्धा किलो जांभळे मणी आणले होते, ते पुढे फिके पडून राखाडी झाले.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. आयटीआयमध्ये सरफेस ऑर्नामेंटेशन टेक्निक्स नावाचा भरतकामाचा एक वर्षाचा ट्रेड आहे. तुमच्या जवळच्या आयटीआयमध्ये तो चालतो का, ते विचारून या. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा द्याच, रंगसंगतीचा पाया तिथे होतो. काम हातात आलं की केंद्र सरकारच्या हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र काढा, त्याला पहचान कार्ड म्हणतात. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. त्यातल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे, भरतकाम स्वतंत्र धरलेलं नाही, म्हणून शिवणकामही करत असाल तरच तिकडे चौकशी करा. बचतगटात असाल तर उमेद, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, सरस विक्री प्रदर्शनांवर लक्ष ठेवा.

पैशांच्या बाबतीत माझं पहिल्या कामात नुकसान झालं, कारण मी कापड बघून अंदाजाने आकडा सांगितला. आता वहीत रोज बसल्याची आणि उठल्याची वेळ लिहिते. एक वीतभर नमुना आधी करते, त्याला किती तास लागले ते बघते आणि मग पूर्ण कामाची किंमत सांगते. निम्मे पैसे आधी घेते. "घरबसल्या तर करता, एवढे कशाला?" असं कुणी म्हणालंच तर त्यांना वहीच दाखवते. बायकांच्या हातच्या कामाचे तास कुणी मोजत नाही, म्हणून ते आपण मोजायचे.

जळगावचं ते कापड मी पैसे न घेता पुन्हा केलं. मागे मांजरपाटाचा दुसरा थर दिला, वर नेफा शिवून त्यात लाकडी पट्टी घातली, खालच्या कडेलाही एक पट्टी. काळी जमीन मण्यांनी भरली नाही. काळ्या लुगड्याच्या चिंध्या आडव्या मांडून बांधल्या, मधे अंबाडी, त्यावर गाठटाके, आणि मणी फक्त जिथे पाटाचं पाणी चमकतं तिथे. केळीच्या पानांच्या शिरा या वेळी खऱ्या केळीच्या धाग्याच्या. दर दिवाळीच्या आधी मी त्या घरी जाते. त्या काकू चहा ठेवतात, मी कापड उतरवून पलंगावर पालथं घालते आणि गाठी एकेक करून बोटाने तपासते. गेल्या वर्षी एकच सैल निघाली, तिथल्या तिथे पक्की केली.