घरासाठी आणि रेंजसाठी कार्बाइन घेताना या चुका टाळा

टेक्सास, जॉर्जिया, ॲरिझोना अशा राज्यांत घर घेऊन स्थिरावलेली मराठी मंडळी बंदुकीचा विषय निघाला की पहिला प्रश्न विचारतात: कुठल्या कंपनीची घेऊ? माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची हलकी रायफल. नावाजलेल्या कंपनीची, सोळा इंची नळीची साधी एआर-१५ रायफल घ्या किंवा पिस्तुलाचं ९ एमएम काडतूस चालवणारी कार्बाइन घ्या, निवड फारशी चुकणार नाही. महागात पडणाऱ्या चुका होतात त्या कागदपत्रांत, काडतुसांत, कुलपात आणि सरावाच्या आळसात. त्यामुळे इथे ब्रँडची तुलना सापडणार नाही.

व्हिसा आणि राज्य न बघता दुकानात जाणं

आपल्या लोकांसाठी ही सगळ्यात गंभीर चूक आहे. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूकच काय, काडतूसही बाळगता येत नाही. काही अपवाद आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना. रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) भाड्याने घेतलेली बंदूकही याच नियमात येते. मित्राने हौसेने हातात दिलेल्या रायफलीने दोन गोळ्या मारल्या, फोटो टाकला, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी तो फोटो अडचणीचा ठरू शकतो. ग्रीन कार्डधारकांना ही बंदी नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

व्हिसावरच्या मित्रासाठी किंवा मेहुण्यासाठी आपल्या नावावर बंदूक घेऊन देणं हा तर सरळ गुन्हा आहे. दुकानात भरायच्या फॉर्म ४४७३ वर खरा खरेदीदार तुम्हीच आहात का, हे स्पष्ट विचारलेलं असतं. २०२२ च्या कायद्यानंतर अशा खरेदीला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो.

राज्यांचे कायदेही एकसारखे नाहीत. एडिसनमध्ये राहणाऱ्याने डॅलसच्या मित्राची यादी घेऊन खरेदीला जाऊ नये. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र काढावं लागतं आणि मॅगझिनला (काडतुसं भरायच्या पेटीला) दहा काडतुसांची मर्यादा आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मेरीलँड, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे अशा रायफलींवर वेगवेगळ्या प्रकारची बंदी किंवा बंधनं आहेत. सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल हवी असेल तर १९३४ च्या कायद्याखाली एटीएफ या शस्त्रांवर देखरेख करणाऱ्या फेडरल खात्याची आगाऊ मंजुरी लागते. पहिल्या खरेदीत त्या फंदात पडू नका.

काडतुसांचा घोळ

नळीवर काय कोरलंय ते वाचल्याशिवाय काडतुसाचा डबा उचलायचा नाही. एआर-१५ ची .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६ नाटो ही काडतुसं बाहेरून जवळजवळ सारखी दिसतात. ५.५६ चा चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसायची जागा) असेल तर दोन्ही चालतात. फक्त .२२३ असं कोरलेलं असेल तर त्यात ५.५६ घालू नये, कारण दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढू शकतो. .२२३ वाइल्ड असं लिहिलेल्या नळीत दोन्ही चालतात.

याहून भयंकर प्रकार ३०० ब्लॅकआउट या जाड गोळीच्या रायफलीचा. तिची काडतुसं ५.५६ च्याच मॅगझिनमध्ये बसतात, बोल्टही (चेंबर मागून बंद करणारा भागही) तोच असतो. ते काडतूस चुकून ५.५६ च्या रायफलीत गेलं आणि बोल्ट बंद झाला, तर जाड गोळी बारीक नळीत कोंबली जाते आणि रायफल हातातच फुटते. घरात दोन्ही असतील तर मॅगझिनचे रंग वेगळे ठेवा, आणि रेंजवर एका वेळी एकच रायफल व तिचीच काडतुसं न्या. खरं तर नवशिक्याने ३०० ब्लॅकआउट घेऊच नये, असं मी म्हणेन.

नळीचा पीळही, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या खाचांचा वळसा, बघून घ्या. सात इंचांत एक फेरा किंवा आठ इंचांत एक फेरा असेल तर सरावाची ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) आणि ७७ ग्रेनची जड गोळी दोन्ही नीट जातात. नऊ इंची पिळात जड गोळी स्थिर राहीलच असं नाही.

९ एमएम कार्बाइनचं आकर्षण समजण्यासारखं आहे. काडतूस स्वस्त पडतं, आणि ज्या इनडोअर रेंज रायफलीची काडतुसं चालवू देत नाहीत तिथेही सहसा पिस्तुलाचं काडतूस चालतं. रुगरच्या पीसी कार्बाइनला मॅगझिनचा खाचा बदलून ग्लॉक पिस्तुलाच्या मॅगझिन लावता येतात, ही मोठी सोय. मात्र यातल्या बऱ्याच बंदुकींचा बोल्ट नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर चालतो, त्यामुळे ९ एमएम असूनही धक्का अपेक्षेपेक्षा जास्त लागतो. घेण्याआधी भाड्याने चालवून बघा.

भिंती विसरणं

अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीला दोन्ही बाजूंनी ठोकलेले अर्धा इंच जिप्समचे बोर्ड. भारतातल्या विटांच्या भिंतींची सवय असलेल्या माणसाला हे पटकन लक्षात येत नाही. पिस्तुलाची असो वा रायफलीची, उपयोगाची कुठलीही गोळी या भिंतीतून पार जाते. .२२३ ची हलकी, पसरणारी गोळी बोर्डातून जाताना फुटते आणि ९ एमएमच्या भरीव सरावाच्या गोळीपेक्षा लवकर जोर गमावते, पण ती अडते असं समजू नये. मुलांची खोली कुठल्या बाजूला आहे, शेजारचं टाउनहाऊस कुठे सुरू होतं, हे शांतपणे फिरून बघा आणि कुठल्या दिशेला कधीच नेम धरायचा नाही ते ठरवून ठेवा. घरच्यांना एका खोलीत गोळा करणं, दार लावणं, ९११ ला फोन करणं हे आधी. रायफल घेऊन अंधारात घरभर शोधत फिरणं हा शहाणपणा नव्हे.

याच कारणासाठी टॉर्च लागतो. रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात खुडबुड करणारा बहुतेक वेळा आपलाच मुलगा असतो किंवा जेटलॅग झालेले बाबा असतात. समोर कोण आहे हे दिसल्याशिवाय ट्रिगरवर बोट नाही. बजेट कमी पडत असेल तर दुर्बीण नंतर घ्या, टॉर्च आधी.

नेम लागतो, पण खाली

एआर-१५ वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) नळीच्या मध्यापासून साधारण अडीच इंच वर बसतो. पन्नास यार्डांवर झिरो केली, म्हणजे ठिपका आणि गोळी तिथे जुळवली, की दोनशे यार्डांपर्यंतचा बराचसा सराव तेवढ्यावर भागतो. पण सात यार्डांवर, म्हणजे दिवाणखान्याएवढ्या अंतरावर, गोळी लाल ठिपक्याच्या दोन-अडीच इंच खाली लागते. पुष्कळ जण रेंजवर लांबचाच कागद लावतात आणि हा फरक त्यांच्या कधी नजरेलाच येत नाही. दर खेपेला शेवटची दहा काडतुसं सात यार्डांसाठी राखून ठेवा.

बंदूक अडकते तेव्हा

अडकली की लगेच सुटे भाग मागवायला लागणं ही नवीन मालकांची ठरलेली चूक. नळी लक्ष्याकडे ठेवून, बोट बाहेर काढून, क्रमाने बघा.

आधी मॅगझिन. प्रत्येक मॅगझिनवर मार्करने आकडा टाका. तीन नंबरचीच दर वेळी अडकत असेल तर उत्तर मिळालं. मग तेल. नवी रायफल कोरडी चालवू नये: बोल्ट कॅरियरच्या (बोल्ट ज्यात बसतो त्या भागाच्या) घासून चकाकणाऱ्या जागा, कॅम पिन आणि गॅस रिंगा ओलसर दिसायला हव्यात. त्यानंतर काडतुसाची जात बदलून बघा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कशाचा होता ते कळत नाही.

शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नसेल आणि रिकामी पुंगळी पायाशीच लोळत असेल, तर बोल्टला पुरेसा जोर मिळत नाहीये. कमजोर काडतूस, कोरडा बोल्ट, किंवा सैल झालेली गॅस की (गोळीमागचा गॅस बोल्टकडे नेणारा भाग), ही त्याची नेहमीची कारणं. गॅस की बोल्ट कॅरियरच्या पाठीवर दोन स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रूच्या कडेचा धातू ठोकून आत दाबलेला दिसायला हवा. दस्त्याच्या नळकांड्यावरच्या कॅसल नटलाही असाच ठोका हवा. दुकानातच, काउंटरवर, हे दोन्ही डोळ्यांनी बघून घ्या. उलट पुंगळ्या जोरात पुढच्या बाजूला उडत असतील तर गॅस जास्त मिळतोय; जरा जड बफर (बोल्टचा मागचा धक्का झेलणारं वजन) लावला की बहुधा भागतं.

दोन काडतुसं एकदम चेंबरकडे घुसली तर मॅगझिनवर थापट्या मारून काही होत नाही. बोल्ट मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, बोल्ट दोन-तीनदा पूर्ण खेचा, चेंबर रिकामा दिसला की मगच नवी मॅगझिन. ट्रिगर दाबला आणि काहीच झालं नाही तर नळी लक्ष्याकडे धरून तीस सेकंद थांबा, कधी कधी काडतूस उशिरा पेटतं. आवाज नेहमीपेक्षा अगदी बारीक, फुसका आला तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि पुढची गोळी नळी फोडेल. बंदूक रिकामी करून रेंज ऑफिसरला बोलवा.

घरासाठी रायफल तयार ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक बारकावा. एआरची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट बंद होताना ती काडतुसाच्या प्राइमरला (काडतूस पेटवणाऱ्या बुडाच्या टिकलीला) हलकेच टेकते आणि बारीक खळगा पडतो. तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये घालू नका. खळगा पडलेलं काडतूस बाजूला काढा.

कान, शिसं आणि कुलूप

रायफलीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, एका गोळीनेही कानाला कायमची इजा होऊ शकते. बंद रेंजवर कानात बोळे आणि वर इअरमफ, दोन्ही लावा. परतल्यावर हात साबणाने धुवा आणि कपडे बदलल्याशिवाय लहान मुलाला उचलू नका, अंगावर शिशाची धूळ असते.

कुलपाबाबत मी कोणाचीही सबब ऐकत नाही. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात वयात येणारी मुलं आहेत, कोणी मनाने खचलेलं आहे, तर बंदूक कपाटाच्या वर किंवा गादीखाली ठेवणं अक्षम्य आहे. पटकन उघडणारी, भिंतीला बोल्ट केलेली तिजोरी मिळते. बंदुकीच्या बजेटमध्ये तिचे पैसे आधी धरा. घरात कोणाचे दिवस वाईट चालले असतील तर तेवढा काळ बंदूक घराबाहेर कुठे कायदेशीर ठेवता येईल, याची चौकशी करा.

भारतात जाताना

रेंजची बॅग फक्त रेंजचीच असावी. प्रवासाला, ऑफिसला, जिमला ती वापरायची नाही. अस्तराच्या घडीत राहिलेलं एक काडतूस भारतातल्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं की शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो, आणि ते नकळत राहिलं होतं हे कोर्टात सिद्ध करेपर्यंत सुट्टी तर संपतेच, पासपोर्टही अडकू शकतो. बॅग भरण्याआधी सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराला भोक असेल तर त्यात बोट घालून बघा.