शाळेच्या मैदानात ऑक्टोपस कसा आखावा

आमची शाळा खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. समुद्र बघायचा तर चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं. ऑक्टोपस माझ्या वर्गात कुणीच पाहिलेला नाही, आणि फळ्यावर काढला की सगळे ऑक्टोपस वहीच्या पानाएवढेच होतात. म्हणून मी मैदानात आखते. दिवाळीनंतरच आखा, आमच्याकडचा पाऊस त्याआधी फक्की टिकू देत नाही.

सुतळी, खुंटी, मोजायची टेप, फक्की आणि मूठभर भुईमुगाच्या शेंगा घ्या.

पहिला मान जायंट पॅसिफिक ऑक्टोपसचा. हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत ४.३ मीटर भरतो. खुंटीला सुतळी मात्र २ मीटर १५ सेंटिमीटरच बांधा. पहिल्या वर्षी मी अख्खी ४.३ बांधली आणि वर्तुळ थेट पाण्याच्या टाकीला जाऊन भिडलं. ९ मीटरचेही दावे आहेत, पण त्यांना धड पुरावा नाही, मी ते आखत नाही.

आता आठ पोरांना डोकी मध्ये, पाय बाहेर करून झोपवा. पाचवीतली पोरं कितीही ताणली तरी रेघेला पोचत नाहीत. आकार तिथंच कळतो. वजन सांगायचं तर सिमेंटचं ५० किलोचं पोतं आणि वर २१ किलो तांदूळ. खात्रीची सगळ्यात जड नोंद तेवढी, ७१ किलो. एरवी वाढलेला १५ किलोच्या आसपास.

मग कुणीतरी विचारतंच, "बाई, माकूल म्हणजे ह्योच की?" बेळगावच्या बाजारातली माकूल काहींनी खाल्लेली असते. माकुलीला आठ हातांशिवाय दोन लांब सोंडा असतात. आणखी दोन पोरं आत झोपवा, फरक विसरत नाहीत.

ऑक्टोपसच्या जाती ३०० च्या घरात, सगळ्या कुठं आखणार? वोल्फी हा सगळ्यात छोटा, जेमतेम अडीच सेंटिमीटर आणि एक ग्रॅमसुद्धा नाही, त्याच्यासाठी खडूचा तुकडा पुरतो. निळ्या कड्यांचा ऑक्टोपस तळहातावर मावेल एवढाच, पण त्याच्या विषानं माणूस मरतो.

शेवटी ब्लँकेट ऑक्टोपस. मादीसाठी २ मीटरची रेघ मारा. नर २.४ सेंटिमीटरचा, म्हणून टोकाला एक शेंग ठेवा. "एवढाच नवरा?" म्हणून पोरी लोळतात. शेंगा जास्तीच्या आणा, तास संपेपर्यंत नर कुणीतरी खाल्लेला असतो.