वॉर्ड ऑफिसात कामाला जाताय? मग खिडकीवर ओरडायच्या आधी हे करा

माझी ताई पालिकेच्या एका वॉर्ड ऑफिसात जन्म-मृत्यू दाखल्यांच्या खिडकीवर बसते. घरी आली की अर्धा तास कोणाशी बोलत नाही, नुसती पंख्याखाली बसून राहते, आम्हाला वाटायचं ट्रेनच्या गर्दीने दमते. मग एकदा म्हणाली, आज एकाने काचेवर फाईल आपटली, "फुकटचा पगार खाता" म्हणाला, आणि त्यानंतरच्या दोघांच्या दाखल्यांवर मी तारीखच चुकवली. म्हणजे ओरडला एक आणि हेलपाटे पडले रांगेतल्या दुसऱ्यांनाच. इस्रायलमध्ये 2015 साली नवजात बाळांच्या डॉक्टर-नर्सवर असा प्रयोग झालाय, सराव चालू असताना बाहेरच्या तज्ज्ञाने नुसते टोमणे मारले तरी त्यांचं निदान आणि उपचार दोन्ही बिघडले. मग दिवसभर टोमणे ऐकणाऱ्या क्लार्कचं काय होत असेल बघा.

म्हणून घरून निघायच्या आधीच बघून घ्या की तुमचं काम नक्की कोणाच्या हातात आहे. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. बाळाची नोंद 21 दिवसांत करायची असते, वर्ष उलटून गेलं की मॅजिस्ट्रेटची ऑर्डर लागते, हा 1969 चा कायदा आहे, खिडकीवरच्या बाईने कितीही मनात आणलं तरी ती ऑर्डर देऊ शकत नाही. नोंद झालीये पण नाव टाकायचं राहिलंय तर ते वेगळं, वर्षभरात फुकट होतं, नंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत. आधार आणि हॉस्पिटलच्या कागदावरचं स्पेलिंग जुळतंय का ते पण घरीच बघा, ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही घेऊन जा.

पाण्याचं पण तसंच. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो तो ठरलेल्या टाईमटेबलने, कपात असेल तर ती त्याने केलेली नसते, पण हंडे घेऊन उभे असलेले सगळे त्याच्याच अंगावर जातात.

खिडकीवर गेलात की तीनच गोष्टी विचारा, काय कमी आहे, सही कोण करणार, किती दिवस लागतील. अर्ज दिला की पोच घ्या, आवक नंबर आणि शिक्का बघून घ्या. नाहीच म्हणाले तर कारण लेखी मागा, शांतपणे पण मागाच.

राग येणारच, तो खोटा नसतो, अर्धा दिवस रजा टाकून गेलेलो असतो आपण. पण तो कागदावर काढा. महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलीये, मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. पैसे मागितले तर 1064 वर लाचलुचपतवाल्यांना कळवा, रस्ता, कचरा, गटार असेल तर मुंबईत पालिकेचा 1916. हात उचललात तर मात्र सरकारी कर्मचाऱ्यावर हल्ल्याचं, भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं, आधी ज्याला सगळे 353 म्हणायचे ते.

आणि प्लीज, तोंडासमोर मोबाईल धरून व्हिडिओ काढू नका. ताईचा एक व्हिडिओ आमच्याच सोसायटीच्या ग्रुपवर फिरत फिरत आला, सर्व्हर डाऊन होता त्या दिवशीचा, तेव्हापासून तिने डीपी काढून टाकलाय आणि ऑफिसात स्कार्फ बांधून बसते.

रांगेत दुसरं कोणी ओरडत असेल तर गप्प बसू नका, फक्त म्हणा, "अहो काका, त्यांच्या हातात नाहीये ते, सही वरच्या साहेबांची लागते." एका आजींनी एकदा असं म्हटलं होतं, ताईने त्या दिवशी घरी आल्या आल्या चहा टाकला आणि सगळं सांगत बसली.