सोलरची टाकी गरम, पण नळ थंडच: माझा अनुभव

दापोलीजवळच्या आमच्या घरी दिवाळीनंतर काचेच्या नळ्यांचा २०० लिटरचा सोलर वॉटर हीटर बसवला. टाकीतले पाणी उत्तम तापत असे. न्हाणीघरातल्या गरम नळातून मात्र आधी फुसफुस आवाज येई, मग बारीक थंड धार लागे आणि थोड्या वेळाने तीही थांबे.

नळ बदलून पाहिला, विहिरीच्या पाण्याचा गाळ असेल म्हणून जाळ्या धुतल्या, थंड पाण्याची टाकीही साफ केली. पंधरा दिवस आईला चुलीवरच पाणी तापवावे लागले, याचे फार वाईट वाटले.

दोष पाइपाच्या मांडणीत होता. गरम पाण्याची लाइन सोलरच्या टाकीतून निघून गच्चीच्या कठड्यावर चढत होती व मगच खाली उतरत होती; त्या उंचवट्यात हवा अडकली होती आणि थंड पाण्याची टाकी सोलरपेक्षा थोडीच उंच असल्याने तिचा दाब त्या हवेला पुढे ढकलण्यास अपुरा पडत होता.

सूर्यास्तानंतर सोलरकडे जाणारा थंड पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गरम नळ उघडून लाइनमधले पाणी उतरू दिले. नंतर कठड्यावरच्या सर्वांत उंच जागी पाइप कापून ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) बसवली, तिच्यातून उभा एअर व्हेंट (अडकलेली हवा बाहेर सोडणारा उघडा पाइप) काढला आणि त्याचे तोंड थंड टाकीतल्या पाण्याच्या कमाल पातळीपेक्षा फूटभर वर नेऊन, पावसाचे पाणी शिरू नये म्हणून, खाली वळवले. (व्हेंट या पातळीखाली राहिला, तर त्यातून पाणी सतत सांडते.) सांधे रात्रभर सुकू दिले. पहाटे, नळ्या तापण्यापूर्वी, व्हॉल्व्ह हळूहळू उघडला आणि सर्वांत खालचा गरम नळ फुसफुस थांबेपर्यंत चालू ठेवला.

त्याच संध्याकाळी नळाला कढत पाणी आले.