सरकारी आरोग्यसेवा: उपचारासाठी कोणत्या दारी जावे आणि प्रशिक्षणासाठी कुठे चौकशी करावी

महाराष्ट्रातील सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा नीट उपयोग करून घ्यायचा असेल, तर कोणता दवाखाना कोणाच्या अखत्यारीत आहे हे आधी माहीत करून घ्यावे लागते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असून त्यांची जबाबदारी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांवर असते. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि लोक ज्याला ‘सिव्हिल’ म्हणतात ते जिल्हा रुग्णालय हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या देखरेखीखाली चालते. पुण्याचे ससून, छत्रपती संभाजीनगरची घाटी, नागपूरचे मेडिकल आणि मेयो ही रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाची आहेत, तर मुंबईतील केईएम, सायन आणि नायर महापालिकेची आहेत.

ही विभागणी रुग्णाच्या खिशाशी थेट संबंधित आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या आणि उपचारांपर्यंत शुल्क आकारले जात नाही. मात्र हा निर्णय त्या विभागाच्या संस्थांपुरता आहे, त्यामुळे वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा महापालिकेच्या रुग्णालयात त्यांचे स्वतंत्र दर लागू होतात. अलीकडे अनेक जिल्ह्यांत नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली आणि तेथील सिव्हिल महाविद्यालयाशी जोडले गेले. म्हणून जुन्या ओळखीवर न विसंबता रुग्णालयाच्या दर्शनी फलकावरचे नाव वाचावे आणि केसपेपरच्या खिडकीवरच दराची खात्री करून घ्यावी. सावंतवाडी, दोडामार्गकडची मंडळी जवळ म्हणून गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात. तेथे २०१८ पासून परराज्यातील रुग्णांना शुल्क लागू झालेले आहे, त्यामुळे तातडीची वेळ नसेल तर निघण्यापूर्वी कागदपत्रे आणि योजनेची विचारपूस करावी.

गावातले पहिले दार

बहुतेक आजारांची सुरुवात उपकेंद्रापासून करणे शहाणपणाचे असते. सपाट प्रदेशात साधारण ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. तेथे आरोग्यसेविका असते, आणि ज्या उपकेंद्रांचे रूपांतर आयुष्मान आरोग्य मंदिरात झाले आहे तेथे समुदाय आरोग्य अधिकारीही असतात. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब, रक्तातील साखर, तोंडाचा कर्करोग, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तन व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांची प्राथमिक तपासणी येथून सुरू होते. त्यासाठीचा फॉर्म भरायला आशाताई घरी येतात तेव्हा ‘मला काही होत नाही’ असे सांगून त्यांना परत पाठवू नये, कारण मधुमेह आणि रक्तदाब या दोन्ही आजारांत माणसाला बरीच वर्षे काहीच होत नसते.

त्यावरची पायरी प्राथमिक आरोग्य केंद्राची. येथे एमबीबीएस किंवा आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळा तंत्रज्ञ आणि औषधनिर्माता असतात, काही खाटा असतात आणि बाळंतपणाची सोय असते. या केंद्राचा सर्वांत मोठा उपयोग कोणता असे विचारले, तर मी कुत्रा आणि साप चावल्यानंतरच्या पहिल्या तासाचे नाव घेईन, कारण गावात सर्वाधिक घोळ याच वेळी होतो.

कुत्रा चावल्यावर जखमेवर हळद, चुना किंवा मिरची लावू नये. साबण आणि वाहते पाणी घेऊन जखम पूर्ण १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी केंद्र गाठावे. सरकारी दवाखान्यात लस त्वचेत दिली जाते तेव्हा पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून तिचे दिवस शून्य, तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा असे असतात, तर स्नायूत दिली तर चौदावा दिवसही मोजला जातो. कातडी फाटून रक्त आले असेल तर केवळ लस पुरत नाही, जखमेच्या भोवती प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. प्राथमिक केंद्रात ते उपलब्ध नसेल तर लसीचा पहिला डोस तेथेच घ्यावा आणि लगेच पुढच्या रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. जखम भरत आली म्हणून शेवटचा डोस टाळणारे बरेच भेटतात. रेबीज एकदा झाला की त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, तेव्हा लसीच्या कार्डावरच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर उतरवून ठेवाव्यात. साप चावला असेल तर चावलेला अवयव स्थिर ठेवावा, दोरी आवळून बांधू नये, चिरा मारू नये आणि मांत्रिकाकडे वळसा न घेता थेट प्रतिविष उपलब्ध असलेल्या केंद्रात न्यावे.

चिठ्ठीचे महत्त्व

प्राथमिक केंद्रात भागत नसेल तर ग्रामीण रुग्णालय, मग उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय असा क्रम असतो. ग्रामीण रुग्णालय साधारण ३० खाटांचे असते आणि तेथे काही विशेषज्ञ असणे अपेक्षित असते. सिव्हिलमध्ये नवजात बालकांचा अतिदक्षता कक्ष, डायलिसिस, मानसोपचार, अपंगत्व प्रमाणपत्राचा कक्ष अशा सोयी एका आवारात मिळतात. मधल्या पायऱ्या टाळून थेट सिव्हिल गाठणारा रुग्ण बहुधा ओपीडीच्या रांगेत अर्धा दिवस उभा राहतो. तोच रुग्ण खालच्या केंद्राची संदर्भ चिठ्ठी, आधीच्या तपासण्यांचे कागद आणि चालू गोळ्यांची पाकिटे घेऊन आला, तर डॉक्टरांचा वेळ वाचतो आणि तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत. चिठ्ठीवर निदान, दिलेले औषध आणि वेळ लिहिली आहे का हे निघण्यापूर्वी वाचून पाहावे, आणि नसेल तर नम्रपणे पण ठामपणे लिहून मागावे. तो रुग्णाचा हक्क आहे.

अपघात, छातीत दुखणे, पक्षाघात, विषबाधा अशा प्रसंगी मात्र पायऱ्यांचा विचार न करता १०८ वर फोन करावा. २०१४ पासून सुरू असलेल्या या सेवेच्या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो आणि सेवा मोफत असते. फोनवर गाव, तालुका, जवळची खूण आणि रुग्ण शुद्धीवर आहे की नाही एवढे आधी सांगावे, मग विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि फोन चालू ठेवावा. गरोदर माता आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ची गाडी असते. आरोग्यविषयक सल्ल्यासाठी १०४, तर मानसिक ताण, निद्रानाश किंवा आत्महत्येचे विचार यांसाठी १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येते.

बाळंतपण

गर्भ राहिल्याची शंका येताच, शक्यतो पहिल्या तीन महिन्यांतच, आरोग्यसेविकेकडे नोंदणी करावी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत डॉक्टरांकडून तपासणी होते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या तिमाहीतील एक तरी तपासणी त्या दिवशी करून घेतली, तर रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब किंवा आडवे मूल असे धोके वेळेत कळतात. धोक्याची माता ठरली तर कोणत्या रुग्णालयात बाळंतपण होणार हे आठव्या महिन्याच्या आतच ठरवून घ्यावे.

२०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरापर्यंतचा प्रवास या सर्व गोष्टी मोफत आहेत. आजारी बाळाला वर्षभरापर्यंत हीच सवलत मिळते. बाहेरून औषध आणायला सांगितले गेले तर ते का, हे शांतपणे विचारावे आणि उत्तर पटले नाही तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटावे. याशिवाय जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातींच्या मातांना ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये मिळतात, तर मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या अपत्यासाठी ५,००० आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. पैसे अडतात ते बहुतेक वेळा बँक खाते आधारशी जोडलेले नसल्यामुळे किंवा आधारवर माहेरचे आणि पासबुकावर सासरचे नाव असल्यामुळे. ही दुरुस्ती बाळंतपणानंतर करायला घेतली की तान्हे मूल कडेवर घेऊन हेलपाटे पडतात, म्हणून ती सातव्या महिन्यापूर्वी उरकावी.

मोठ्या खर्चाचे उपचार

हृदयशस्त्रक्रिया, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार अशा उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना पुढे राज्यभर पसरली आणि आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. सरकारी तसेच योजनेत सामील असलेल्या (अंगीकृत) खासगी रुग्णालयांत ती लागू आहे. रुग्णालयात शिरल्यावर पैसे भरण्यापूर्वी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा कक्ष शोधावा, शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवावे आणि आपला उपचार योजनेच्या यादीत बसतो का हे विचारावे. उपचारापूर्वी पूर्वमान्यता लागते, पण तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून मान्यता घेऊन उपचार सुरू करता येतात. आधी रोख भरून मग योजनेत बसवा असे म्हटल्यास सहसा काही होत नाही. शंका असल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारता येते.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. १४ अंकी आभा क्रमांक म्हणजे आरोग्यविमा नव्हे. तो वैद्यकीय नोंदी एकत्र ठेवण्याचा आणि ओपीडीच्या रांगेत क्यूआर कोडने लवकर नोंदणी करण्याचा क्रमांक आहे. उपचारांच्या संरक्षणासाठी आयुष्मान कार्ड वेगळे काढावे लागते, आणि ७० वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता आधारवर ते काढता येते.

या व्यवस्थेत शिकायचे असेल तर

हीच व्यवस्था शिकवतेही, आणि गावातल्या मुलींसाठी व सुनांसाठी तिचे दार सर्वांत खाली, आशापासून उघडते. आशाची निवड ग्रामसभेमार्फत होते. ती त्याच गावची रहिवासी असावी लागते आणि विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्रियांना प्राधान्य असते. जागा रिकामी झाल्याची माहिती ग्रामपंचायत, गटप्रवर्तक (आशांच्या कामावर देखरेख करणारी कार्यकर्ती) किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळते. निवडीनंतर प्रारंभिक प्रशिक्षण होते आणि त्यानंतर सहावे व सातवे मॉड्यूल चार टप्प्यांत, मिळून २० दिवस शिकवले जाते.

या प्रशिक्षणाचा गाभा घरी जाऊन नवजात बाळाची तपासणी करणे हा आहे, आणि त्याचे मूळ आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत साध्या शिकलेल्या गावकरी स्त्रियांना बाळाची काळजी घ्यायला शिकवले, आणि तेथील नवजात मृत्यूंत मोठी घट झाल्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे हीच पद्धत देशभरातील आशांच्या अभ्यासक्रमात आली. वर्गात त्या बाळाचे तापमान घेणे, झोळीच्या काट्यावर वजन करणे आणि श्वास मोजणे शिकतात. श्वास मोजताना बाळ शांत असावे लागते, सदऱ्याची कड वर करून पोटाच्या हालचालीकडे पाहावे लागते आणि घड्याळाचा काटा पूर्ण एक मिनिट फिरू द्यावा लागतो. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेला आकडा चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक श्वास आले तर पुन्हा मोजायचे, आणि तरीही तेवढेच आले तर बाळाला दवाखान्यात धाडायचे. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट ठरलेली असते. हे काम मोबदल्यावर चालते, नोकरी म्हणून नाही, हे घरच्यांशी बोलून आणि समजून घेऊनच अर्ज करावा.

बारावीनंतर पूर्ण वेळ शिकायचे असल्यास तीन मार्ग आहेत. दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम आरोग्यसेविकेच्या पदाकडे नेतो. तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम रुग्णालयातील परिचारिकेच्या पदासाठी आहे आणि अनेक जिल्हा रुग्णालयांच्या आवारातच त्याचे विद्यालय आणि वसतिगृह असते. या दोन्हींची परीक्षा महाराष्ट्र राज्य शुश्रूषा आणि परावैद्यक शिक्षण मंडळ घेते. चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगसाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात आणि पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मिळते. प्रवेशाआधी संस्थेला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का हे परिषदेच्या यादीत स्वतः तपासावे. मान्यता नसलेल्या संस्थांत लाखभर रुपये भरून बसलेल्या मुलींना पुढे नोंदणी मिळत नाही, आणि नोंदणीविना सरकारी जागेसाठी अर्जही करता येत नाही. शासकीय विद्यालयात शुल्क कमी असते, जागाही थोड्या असतात. म्हणून बारावीच्या निकालाची वाट न पाहता जातीचा दाखला, नॉनक्रिमिलेअर आणि अधिवास प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

बीएएमएस, बीयूएमएस किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्य प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. तो पूर्ण करणाऱ्यांची नेमणूक उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून होते. ज्यांना गावातच राहून स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण पाहायचे आहेत, त्यांच्यासाठी हे काम फार समाधानाचे आहे, फक्त उपकेंद्राच्या गावी मुक्काम करण्याची मनाची तयारी हवी. डॉक्टरांसाठीही जिल्हा रुग्णालय आता शिकण्याची जागा झाली आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा पातळीवर काम करणे बंधनकारक आहे आणि काही जिल्हा रुग्णालयांत डीएनबी या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या जागाही आहेत. नोकरीत असलेल्या सेविका, परिचारिका आणि अधिकाऱ्यांची उजळणी प्रशिक्षणे जिल्हा प्रशिक्षण केंद्रात होतात. त्यांच्या हजेरीचे प्रमाणपत्र जपून ठेवावे, कारण परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना अशा सातत्यपूर्ण शिक्षणाचा पुरावा मागितला जातो.