बडोद्याला येताय? मग या चुका टाळा

मुंबई-पुण्याहून येणारी बरीचशी मंडळी बडोद्याला एकच दिवस देतात. सकाळी राजवाडा, दुपारी पावागड आणि संध्याकाळी सरदारांचा पुतळा, असा बेत आखून उतरतात. तो फसतो, कारण पावागड शहराच्या ईशान्येला साधारण ५० किलोमीटरवर आहे आणि पुतळा जिथे आहे ते एकतानगर (पूर्वीचं केवडिया) आग्नेयेला ९० किलोमीटरच्या आसपास. दोन्ही एकाच दिवशी करायचं म्हटलं तर दिवसाचा मोठा भाग गाडीतच जातो. कमीत कमी तीन दिवस धरा: एक शहराला, एक चांपानेर-पावागडला आणि एक डभोई-एकतानगरच्या रस्त्याला.

सोमवारी पोहोचणं

सगळ्यात जास्त पर्यटक फसतात ते इथे. लक्ष्मीविलास पॅलेस आणि त्याच आवारातलं महाराजा फत्तेसिंह म्युझियम सोमवारी बंद असतं. एकतानगरचा पुतळाही सोमवारीच बंद. म्हणून शनिवार-रविवारला सोमवार जोडून येणाऱ्यांनी सोमवार चांपानेरसाठी ठेवावा.

पॅलेस आणि म्युझियम यांची तिकिटं वेगवेगळी आहेत. वेळ वाचवायला अनेकजण म्युझियम गाळतात, आणि आमच्या मते हा तोट्याचा सौदा आहे. राजा रविवर्म्याने गायकवाडांसाठी रंगवलेली मूळ चित्रं तिथेच पाहायला मिळतात. पॅलेसच्या आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे कॅमेऱ्याची बॅग गाडीतच राहू द्या.

जुन्या शहरात गाडी घालणं

सूरसागर, न्यायमंदिर, लहेरीपुरा दरवाजा, मांडवी ही सगळी ठिकाणं एका सरळ वाटेवर आहेत. गाडीत बसून हा पट्टा बघायला गेलात तर गर्दीत अडकाल. रिक्षाने न्यायमंदिराशी उतरा आणि पुढे पायी चला. रिक्षावाल्याला हॉटेलच्या पत्त्यापेक्षा जवळची खूण सांगितलेली पटकन कळते, आणि भाडं बसण्यापूर्वीच ठरवून घ्या.

याच भागात, रावपुऱ्याकडे, तांबेकर वाडा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बडोद्याच्या दिवाणाचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. आतल्या भिंतींवर कृष्णलीला आणि महाभारतापासून इंग्रज-मराठा लढाईपर्यंतची चित्रं आहेत. मराठी माणसाने बडोद्यात येऊन हा वाडा चुकवणं खरंच अक्षम्य! भिंतींना हात लावू नका, फ्लॅश वापरू नका. कीर्तिमंदिर या गायकवाडांच्या स्मारकातली नंदलाल बोस यांची भित्तिचित्रंही अशीच राहून जातात.

पावागड: वर गेलं म्हणजे झालं, हा समज

भाविक वरचं देऊळ करून परततात, तर इतिहासप्रेमी खालच्या मशिदी बघून निघतात. युनेस्कोने २००४ साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली ती या दोन्हींना मिळून. महमूद बेगड्याने १४८४ मध्ये हा किल्ला घेतला आणि पायथ्याशी, चांपानेरला, आपली राजधानी वसवली.

क्रम असा ठेवा. सकाळी लवकर पायथ्याहून डोंगराच्या मध्यावरच्या माचीला जा आणि तिथून रोपवे घ्या. रोपवे थेट कालिकामातेच्या दारात नेतो असं समजू नका. वरच्या स्टेशनपासून पायऱ्या चढाव्याच लागतात, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांनी त्या हिशेबानेच निघावं. जोराच्या वाऱ्यात आणि दुरुस्तीच्या काळात रोपवे बंद ठेवतात, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. नवरात्रात आणि मोठ्या गर्दीच्या दिवशी खाजगी गाड्या पायथ्याशीच अडवतात, मग माचीपर्यंत एसटी हाच मार्ग उरतो.

उतरल्यावर जामी मशीद, शहेर की मशीद, मग केवडा आणि नगीना. शेवटच्या दोन आडवाटेला असल्याने बहुतेकजण जामी मशिदीवरूनच परत फिरतात. तसं करू नका, पायथ्याशी रिक्षा ठरवा. एप्रिल ते जूनमध्ये मात्र क्रम उलटा करा, म्हणजे सूर्य चढण्याआधी मशिदी. दुपारी तिथली फरशी अनवाणी पायाला सोसत नाही.

डभोई वगळून पुढे जाणं

एकतानगरला जाताना डभोई वाटेतच लागतं. हिरा भागोळ हा तिथल्या किल्ल्याचा पूर्वेचा दरवाजा असल्याने त्याच्या बाहेरच्या बाजूच्या कोरीवकामावर सकाळी थेट ऊन पडतं, म्हणून जातानाच थांबा. याच परिसरात १७३१ मध्ये बाजीरावांच्या फौजेशी लढताना सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. पुतळ्याच्या गॅलरीची तिकिटं वेळ ठरवून मिळतात, तेव्हा ती आधीच ऑनलाइन काढा आणि डभोईला तासभर जाईल हे धरूनच वेळ निवडा. परतताना गरुडेश्वर: टेंबे स्वामींची समाधी (१९१४) तिथे नर्मदाकाठी आहे.

किरकोळ, पण महाग पडणाऱ्या गोष्टी

इंदूर-रतलामकडून येणाऱ्या काही गाड्या बडोदा जंक्शनला न येता छायापुरीला थांबतात. तिकिटावरचं स्टेशन वाचा.

गुजरातेत दारूबंदी आहे, बॅगेतली बाटली परवान्याशिवाय चालत नाही.

१४ आणि १५ जानेवारीला उत्तरायण. गच्चीवर मजा असते, पण दुचाकीवर मांजा गळ्याशी येतो. त्या दोन दिवसांत दुचाकी भाड्याने घेऊ नका.

शहरातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आणि पुराच्या पाण्याबरोबर त्या वस्तीतही येतात. पावसाळ्यात काठावर सेल्फी नको.

लीलो चेवडो निघायच्या दिवशीच घ्या. बटाट्याचा, ओलसर असल्याने तो साध्या चिवड्यासारखा टिकत नाही.