निविदा लिहिताना सॉफ्टवेअर : शोधलेला शब्द सापडला नाही, म्हणजे अट नाही असं नव्हे

नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा एखाद्या महामंडळाची ई-निविदा पहिल्यांदा भरणाऱ्या छोट्या फर्मचा बराचसा वेळ प्रस्ताव देखणा करण्यात जातो. तांत्रिक लिफाफा (पात्रतेची कागदपत्रं) तपासणारी समिती मात्र छाननी तक्ता घेऊन बसते : अट कोणती, पुरावा कुठल्या पानावर. म्हणून सॉफ्टवेअरकडून आधी वाचनाचं काम करून घ्या, लिहिण्याचं नंतर.

महाटेंडर्सवर (राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर) नोंदणी, क्लास ३ डीएससी (डिजिटल सही), दोन लिफाफ्यांची पद्धत (एक तांत्रिक, दुसरा दरांचा) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. थेट अनुपालन तक्त्याकडे येऊ. एक्सेलमध्ये सहा रकाने करा : कलम क्रमांक, पान क्रमांक, अट जशीच्या तशी, लागणारा पुरावा, आपल्या फाइलचं नाव, स्थिती. 'आवश्यक', 'बंधनकारक', 'राहील', 'अन्यथा', 'अपात्र' हे शब्द जिथे जिथे येतील ती प्रत्येक ओळ तक्त्यात यायला हवी.

इथेच सापळा आहे, आणि तो नीट समजून घ्या, कारण यात हुशार माणसंही अडकतात. मराठी निविदांचे कितीतरी पीडीएफ श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. पडद्यावर 'बयाणा रक्कम' (निविदेसोबत भरायची अनामत) स्वच्छ दिसते, पण फाइलच्या पोटात त्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हं साठवलेली असतात. तुम्ही युनिकोडमध्ये (आजच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये) 'बयाणा' शोधता आणि उत्तर येतं शून्य. नवा माणूस समजतो, बयाणा रकमेची अट नाहीच. स्कॅन केलेल्या पानांवरही हेच होतं, तिथे तर अक्षरंच नाहीत, नुसतं चित्र आहे. त्याहून घातक प्रकार मिश्र फाइलचा : सुरुवातीची इंग्रजी पानं शोधता येतात, मधली मराठी जोडपत्रं येत नाहीत. निम्म्या ठिकाणी शोध चालतो म्हणून पूर्ण फाइलवर विश्वास बसतो. अशी फाइल एआय साधनाला देऊन 'सगळ्या अटी काढ' म्हटलं, तर वाचता आलेल्या पानांवरून तेही सुबक यादी देईल. न वाचलेल्या पानांबद्दल ते बहुधा काहीच बोलणार नाही.

तपासणी सोपी आहे. प्रत्येक भागातल्या एका पानावरून दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका. मराठी उमटलं तर ठीक. भलतीच चिन्हं आली तर जुना फॉन्ट. काहीच निवडता आलं नाही तर स्कॅन. अक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून फॉन्टची यादीही पाहता येते.

उपाय ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. पण जुन्या फॉन्टची फाइल थेट ओसीआरला देऊ नका. पानात आधीच मजकूर आहे असं समजून अनेक साधनं ते पान वगळतात. आधी पानं ३०० डीपीआयच्या चित्रांत बदला, मग गुगल ड्राइव्हमध्ये गुगल डॉक्सने उघडा किंवा टेसरॅक्ट या मोफत ओसीआर साधनाला मराठी भाषा निवडून द्या. १ आणि ९, ४ आणि ५ यांची गल्लत होऊ शकते, म्हणून रक्कम, तारीख, टक्केवारी मूळ पानावर डोळ्यांनी ताडून घ्या. आकडे देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही रूपांत शोधा. बयाणा रकमेला कुठे इसारा, कुठे ईएमडी लिहिलेलं असतं, तेही शोधा.

हे वाचून घाबरू नका. एकदा बसलेली पद्धत पुढच्या निविदेला फार कमी वेळ घेते.

लिहिताना एआयला तक्त्यातली एकेक अट आणि तुमचा खरा पुरावा द्या, उत्तराचा मसुदा मागा, प्रत्येक विधानापुढे कलम आणि पान क्रमांक मागा. अनुभव, उलाढाल, मनुष्यबळ यांचा एकही आकडा त्याच्याकडून घेऊ नका. उलाढालीच्या प्रमाणपत्रावर सनदी लेखापालाचा यूडीआयएन (त्या कागदाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) असतो आणि तो ऑनलाइन पडताळता येतो. आधीच्या कामाच्या कार्यारंभ आदेशातली (काम सुरू करण्याच्या पत्रातली) रक्कम आणि प्रस्तावातली रक्कम जुळायलाच हवी.

विकत मिळणारे 'तयार प्रस्ताव' घेऊ नका, हे माझं ठाम मत. त्यात दुसऱ्या खात्याचं नाव, जुना निविदा क्रमांक, रद्द झालेली अट हमखास उरते. आणि कितीही ओळखीचा सल्लागार असो, डीएससीचं टोकन आणि पिन त्याच्याकडे ठेवू नका. तुमच्या सहीने काय अपलोड झालं हे तुम्हालाच कळणार नाही. मार्गदर्शक हवा असेल तर निविदा छाननी केलेला एखादा निवृत्त लेखा लिपिक शोधा. प्रस्ताव नाकारला कुठे जातो, हे त्याच्याइतकं कोणी सांगत नाही.

बीओक्यूची, म्हणजे दर भरायच्या तक्त्याची, एक्सेल फाइल हा वेगळा विषय, थोडक्यात सांगतो. फाइलचं नाव बदलू नका, कुलूपबंद खाने छेडू नका, मायक्रोसॉफ्ट एक्सेलच वापरा. डाउनलोड केलेल्या फाइलमधले मॅक्रो आता एक्सेल आपोआप अडवतं. उघडण्याआधी राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. टक्केवारी दराच्या निविदेत 'एक्सेस' (अंदाजित दरापेक्षा जास्त) आणि 'लेस' (कमी) यांतली निवड दुसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. तिथली चूक पोर्टल पकडत नाही, कारण दोन्ही उत्तरं त्याच्या दृष्टीने वैध असतात.

शुद्धिपत्रक (निविदेतल्या बदलाची सूचना) आलंय का, हे अपलोडच्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. बीओक्यू बदलली असेल तर नवीच फाइल डाउनलोड करून भरायची, जुनीतले दर हाताने उतरवायचे. कागद १०० डीपीआय, कृष्णधवल स्कॅन करा. पॅन, जीएसटीसारखी नेहमीची कागदपत्रं पोर्टलवरच्या 'माय स्पेस' या तुमच्या जागेत आधीच चढवून ठेवा. मुदत सर्व्हरच्या घड्याळाने मोजली जाते, म्हणून आदल्या दिवशी सादर करा. मुदतीच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करता येतं. मात्र 'विथड्रॉ' (निविदा मागे घेणं) दाबू नका, त्यानंतर त्याच निविदेत परत येता येत नाही.

दरांचे लिफाफे उघडल्यावर इतरांचे दर तुलनात्मक तक्त्यात दिसतात. ते उतरवून घ्या. अपात्र ठरलात तर छाननीचा शेरा अनुपालन तक्त्यात त्याच कलमापुढे, नवा सातवा रकाना करून त्यात लिहा. पुढची निविदा त्याच कार्यालयाची असेल तर वाचनाची सुरुवात त्या रकान्यापासून करा.